साहेब, आमचे थांबलेले तासही मोजा

मा. ना. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, यांस

साहेब, सप्रेम नमस्कार.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालट्रकना तुम्ही एसी केबिन सक्तीची केलीत. वैशाखात इंजिनाच्या धगीशेजारी ज्यानं दिवस काढलेत, त्यालाच याचं मोल कळतं. मनापासून आभार. वैमानिकांसारखे ट्रकचालकांचेही तास ठरायला हवेत, असं तुम्ही २०२१ साली म्हणाला होतात. त्या तासांबद्दलच लिहितोय.

एकवीस वर्षं झाली मला गाडीवर, सध्या कंटेनर चालवतो. आठ तासांची मर्यादा कितीदा ओलांडली, सांगता येणार नाही. कधी तासभर, कधी दोन. लोकांना वाटतं, आम्ही जादा ट्रिपच्या लोभानं गाडी रेटतो. एका दिवसाची हकीकत सांगतो.

मागच्या हिवाळ्यात नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका कंपनीत माल भरायला सकाळी दहाला गाडी लावली. नंबर लागला संध्याकाळी सहाला, कागद हातात पडले साडेआठला. मधे झोपायची सोय नाही, कारण गाडी पुढे घे म्हणून सारखी हाक. न्हावा शेवा बंदर साडेसातशे किलोमीटर, कट-ऑफ, म्हणजे माल आत पोचवायची शेवटची वेळ, दुसऱ्या दिवशी संध्याकाळची. गाडीवर मी एकटा. क्लीनर परवडत नाही म्हणून मालकानं केव्हाच बंद केलाय.

पहाटे साडेचारला समृद्धीवर जालना मागे पडलं आणि आठ तास भरले. पण कडेला गाडी लावणं म्हणजे मागून येणाऱ्याला मरण दाखवणं. पुढे जागा मिळेल म्हणून चालवत राहिलो. तोंडात लवंग, मानेला ओला टॉवेल. डोळे उघडेच होते, तरी पुढच्या ट्रेलरचे लाल दिवे जवळ आलेले मला दिसलेच नाहीत. ब्रेक लागला तेव्हा मधे हातभर अंतर उरलं होतं. नंतर पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना, हात इतके कापत होते.

माझं काम त्या दिवशी कधी सुरू झालं, साहेब? हिशेबानं रात्री साडेआठला. अंगानं सकाळी दहाला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली) दिवसाला आठ तास ठरवले; १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंही ९१ व्या कलमात तेच धरले. पण त्या १९६१ च्या कायद्यात कामाच्या तासांची व्याख्या बघा. टर्मिनसवर नुसतं थांबण्याचा वेळ पंधरा मिनिटांच्या आत असेल तरच तो कामात धरायचा, असं तिथे लिहिलं होतं. पंधरा मिनिटं! आम्ही दहा-दहा तास गेटवर उभे असतो. हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकल्याची भरपाई, मिळालीच तर मालकाला मिळते, आणि गेलेला वेळ आम्ही रात्री रस्त्यावर भरून काढतो.

म्हणून विनंती आहे की चालकांच्या तासांचे नवे नियम करताना गेटवरचा वेळ कामात धरा. गेटपासवर आत आल्याची वेळ असतेच, फास्टॅगवर नाक्यांची वेळ असते. दोन्ही जोडली की माणूस किती तास जागा आहे ते कळतं. भरायला उशीर कंपनीनं केला, तर पोचायची वेळही तितकीच पुढे गेली पाहिजे, आणि हॉल्टिंगमधला वाटा चालकाच्या खात्यात आला पाहिजे.

दुसरं, जादा झालेल्या त्या तासाबद्दल. युरोपात दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा आहे आणि ती कडक पाळतात. तरी सुरक्षित थांबा गाठण्यासाठी थोडा वेळ जास्त झाला, तर चालकानं कारण हातानं लिहून ठेवायचं, अशी मुभा आहे. आम्हालाही ती द्या. पण आधी थांबे द्या, जिथे डिझेल आणि ताडपत्री चोरीला जाणार नाही, आंघोळीला पाणी असेल, आणि रात्री दोन वाजता ‘जागा फुल’ म्हणून कोणी हाकलणार नाही. याआधीच मिनिटामिनिटाचा दंड सुरू झाला, तर तो माझ्याच भत्त्यातून कापला जाईल आणि गेटवरची रांग तशीच राहील.

हिट अँड रनच्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून जानेवारी २०२४ मध्ये आम्ही चाकं थांबवली, तेव्हा सगळ्यांनी आम्हाला विचारलं की अपघात करून पळता का. गाडीवर बसण्याआधी झोप झाली होती का, हे कोणीच विचारलं नाही. एकवीस वर्षांत एकाही नाक्यावर नाही.

नियमांचा मसुदा होईल तेव्हा एक दिवस कुठल्याही एमआयडीसीच्या गेटवर अधिकारी पाठवा. सकाळी दहाला येऊन आमच्या रांगेत बसू दे, आणि कागद मिळेपर्यंत उठू नको म्हणावं.

आपला,
एक ट्रकचालक
सिन्नर, जि. नाशिक