बाबा, गुरुवारची वेळ घेतली आहे

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, रागावू नका. गुरुवारी सकाळी तुमच्या एंडोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीनं पोट आतून बघायची, वेळ घेतली आहे, इथे पुण्यात. आधी विचारलं असतं तर "ऊस तुटू दे, मग बघू" म्हणाला असता, आणि मला तेवढं थांबायचं नाही.

तुम्ही म्हणता पित्त आहे. असेलही. अल्सर असेल, नाहीतर तो हेलिकोबॅक्टर जंतू. त्यावर गोळ्यांचा कोर्स आहे. पण दीड भाकरी खाणारे तुम्ही अर्ध्या भाकरीत हात धुता, पट्ट्याला नवं भोक पाडून घेता आणि हिमोग्लोबिन 9 वर येतं, हे मला साधं वाटत नाही. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागणार नाही, रक्त कुठून जातंय ते आत बघायलाच हवं. रोजच्या पॅन्टोप्राझोलनं जळजळ थांबते, पण मूळ दुखणंही झाकलं जाऊ शकतं.

आप्पांच्या पोटाच्या कॅन्सरचं काढायचं नव्हतं. पण वडिलांना झालेलं असलं की मुलाला धोका जास्त, म्हणून डॉक्टरांना सांगितलं. दक्षिण कोरियात काही त्रास नसला तरी चाळिशीनंतर दर 2 वर्षांनी पोट तपासतात. कारण वरवरच्या अस्तरात असतानाच सापडलं, तर पुष्कळदा पोट न कापता दुर्बिणीतूनच काढता येतं. आप्पांच्या वेळी तो मार्गच उरला नव्हता. तुमचं तसं काही निघेल असं मी म्हणत नाही हो, फक्त बघून घेऊ.

घशात बधिर करायचा फवारा मारतात, मग दहा-पंधरा मिनिटांचं काम. बायोप्सीला तुकडा घेतला तरी दुखत नाही. मला इंजेक्शन देताना तुम्ही तळहातानं माझे डोळे झाकायचात, आठवतं? दारापर्यंत मी तुमच्या सोबत असेन.

झोपायची सोय खालच्या खोलीत केली आहे. कमोड आहे, उशी तुमच्यासारखीच कडक आणली आहे.

आई, बुधवारी रात्री नऊनंतर त्यांना काही खायला देऊ नकोस, "थोडं दूध" सुद्धा नाही. जुने रिपोर्ट पिशवीत घाल. रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करू नका, मी विचारून कळवते. शौचाला काळं होतं का ते डॉक्टरांना न लाजता खरं सांगा, बाबा. तंबाखूची डबी घरीच ठेवा.

एसटीनं यायचं नाही. बुधवारी दुपारी 3 वाजता गाडी दारात येईल, तयार राहा.

तुमची,
ताई