शनिवारचं बागेतलं संगीत नाटक : सगळ्यांनी वाचा

मंडळी, येत्या शनिवारी संध्याकाळी हुतात्मा बागेत उघड्यावर संगीत नाटक आहे, कंपनी व्यावसायिक आहे, रेकॉर्डेड ट्रॅक नाही, ऑर्गन तबला समोर वाजणार आणि नटमंडळी स्वतः गाणार. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात जी परंपरा रुजवली ती आपल्या गावात झाडाखाली बसून ऐकायला मिळतीये, हे सोडू नका की!

सव्वासहाला गेटवर जमायचं. साडेसहाला नांदी, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं स्तवन, सुरू म्हणजे सुरू, कारण रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, त्यामुळं कुणासाठी थांबणार नाहीत. आणि नांदी चुकली तर अर्धी मजा गेली असं मला तरी मनापासून वाटतं.

- खुर्च्या फक्त ज्येष्ठांना. बाकीच्यांनी बसायला घरची सोलापुरी चादर आणा.
- मोबाईल सायलेंट. रेकॉर्डिंग अजिबात नाही, कलाकारांचं पोट याच्यावर आहे.
- पार्क चौकात शनिवारी गर्दी असते, शक्यतो रिक्षानं या नाहीतर एका गाडीवर दोघं.

पद आवडलं तर वन्समोअर द्या खुशाल, पण पद पूर्ण झाल्यावर, मध्येच टाळ्या नकोत, गाणाऱ्याची लय तुटते. डास असतात, त्यामुळं पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, लहान मुलांना तर नक्कीच. मध्यंतरात कडक भाकरी अन् शेंगाचटणी आपल्यातच वाटून खाऊ, कागद परत पिशवीत.

किती जण येताय ते गुरुवार रात्रीपर्यंत इथंच लिहा, तिकिटं एकदम काढायची आहेत.