सिलिकाची धूळ आणि फुफ्फुसातील भक्षक पेशी

महोदय,

कणकवली तालुक्यातील सिलिका वाळूची चर्चा होते ती बहुधा रस्ते आणि महसूल यांच्या संदर्भात. ती चाळणाऱ्या, भरणाऱ्या कामगारांच्या फुफ्फुसांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

फुफ्फुसांच्या वायुकोशांत मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये भक्षणाची ही प्रक्रिया ओळखली, आणि त्यासाठी त्यांना १९०८ चे नोबेल मिळाले. निरोगी शरीरात या पेशी धूळ व जंतू गिळतात आणि काम संपताच दाह आवरताही घेतात. सिलिकाचा सूक्ष्म कण मात्र त्यांना पचत नाही; तो पेशीतील पाचक पिशव्या फोडतो, पेशी दाहाचे संदेश सोडून मरते आणि मोकळा झालेला तोच कण दुसरी पेशी गिळते. हे चक्र वर्षानुवर्षे चालल्याने फुफ्फुसात घट्ट तंतू साचतात. हाच सिलिकोसिस नावाचा आजार, आणि एकदा जडला की तो बरा होत नाही. शिवाय क्षयाचा जंतू याच पेशींत दडून राहतो. एरवी टी-पेशींकडून (रोगप्रतिकार करणाऱ्या दुसऱ्या एका प्रकारच्या पेशींकडून) येणारे इंटरफेरॉन गॅमा हे संदेशवाहक प्रथिन भक्षक पेशींना जंतू मारण्यास उद्युक्त करते. पण सिलिकाने दुबळ्या झालेल्या पेशींना ते साधत नाही, म्हणून अशा कामगारांना क्षयाचा धोका कितीतरी अधिक असतो.

तोंडावर बांधलेल्या पंच्यातून हे कण सहज आत जातात. तेव्हा ओल्या पद्धतीने चाळणी, योग्य मास्क आणि दरवर्षी एक्स-रेसह क्षयतपासणी यांची सक्ती जिल्हा प्रशासनाने करावी, ही आग्रहाची विनंती.

— एक वाचक, कणकवली