भूसारातला दीर्घ ऊ

गड्या,

गडहिंग्लजहून परत येऊन तीन आठवडे झाले. फोनवर 'थँक्यू' म्हटलं असतं तर शिवी हासडून फोन ठेवला असतास, म्हणून चारचौघांत लिहितोय. पोरगी दाखवेल वाचून.

तुझ्या दारात उभा राहिलो तेव्हा मी कुठल्या अवस्थेत होतो, ते तुला सांगितलं नव्हतं. फ्लेक्स आला, ब्रश सुटला, मग पंधरा वर्षं प्रेसमध्ये बसून 'कोरल ड्रॉ' सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका लावल्या. पंचेचाळिशीत पुन्हा बोरू धरला तर पुण्यातल्या एका जाहिरातवाल्यानं माझे कागद पापड उलथावेत तसे उलथले आणि म्हणाला, "हे फॉन्टमध्ये दोन मिनिटांत होतं." आपल्याच वर्गातले दोघं (नावं घेत नाही, ओळखशीलच) भेटल्या भेटल्या "ह्यात काही सुटतं का?" एवढं विचारून मोकळे. कागद बघायला कुणी मागितलाच नाही.

आणि तू? चहा सांगितलास, शिडी लावलीस आणि माळ्यावरून पत्रा काढलास. १९९७ साली आण्णांच्या दुकानासाठी मी रंगवलेला बोर्ड! नवा फ्लेक्स लावताना भंगारात गेला असेल, असंच मी धरून चाललो होतो. तू ओल्या फडक्यानं तो पुसलास, कॉटवर ठेवलास, शेजारी वहीचा कागद टाकलास आणि म्हणालास, "हेच लिव्ह आता."

बोरू पिशवीत होताच. लिहिलं. मग दोघंही बघत बसलो.

'किराणा' शब्दच घे. तेव्हा मी प्रत्येक अक्षरामधलं अंतर पट्टीनं मोजून सारखं ठेवलं होतं. पण 'र'च्या पोटाखाली जागा मोकळी असते, 'णा'त उभ्या दांड्यांची गर्दी. अंतर सारखं ठेवलं की एकीकडे भगदाड दिसतं आणि दुसरीकडे कुंपण. आपण होस्टेलवर कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं कापून वहीत चिकटवायचो, वळण न् वळण गिरवायचो, पण त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेकडे आपलं कधी लक्षच गेलं नव्हतं. वहीवरच्या 'किराणा'त मी काहीच मोजलं नव्हतं, तरी तो एका दमात म्हटल्यासारखा बसला होता. हे मला एकट्याला माझ्या टेबलावर कधीच दिसलं नसतं. तू दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून गल्ल्यावर बसलास, तरी नजर तीच. म्हणालास, "तवा तू अक्षरास्नी भ्यायचास."

पण पत्र लिहायला बसलो ते ह्यासाठी नाही.

पत्र्यावरची दुसरी ओळ वाचली आणि माझी कानशिलं तापली. 'भूसार'. चांगला ठसठशीत दीर्घ ऊ, वर पिवळी किनार. एवढी वर्षं बाजारपेठेत, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर! तू हसायला लागलास. शाळेतले मास्तर पहिल्याच आठवड्यात सांगून गेले होते म्हणे, आणि आण्णा त्यांना म्हणाले, "माल शुद्ध हाय न्हवं? मग बास." दुरुस्ती दोन रुपयांच्या रंगाची होती. मला का नाही सांगितलंस, विचारल्यावर तू फडकं पिळत म्हणालास, "बोर्ड लावला त्या दिशी तू लई खूश हुतास रं."

एसटीत बसल्यावर मला रडू आलं. शेजारच्या आजींनी शेंगा दिल्या, काही विचारलं नाही. माणसं अशीही असतात, फक्त ती कागद उलथणाऱ्यांच्या ऑफिसात सापडत नाहीत. माझ्या पहिल्या कमाईचा आनंद तुम्ही बापलेकांनी इतकी वर्षं चुकीसकट दुकानावर टांगून ठेवलात, आणि मी मात्र तुला साधं दिवाळीचं कार्डही पाठवलं नाही.

नवा पत्रा आणलाय. प्रायमरचा पहिला हात वाळतोय. खडूचा दोरा, एनॅमल, खारीच्या केसांचा सहा नंबरचा ब्रश, सगळं जमवलंय. पैशाचं बोललास तर बोर्ड परत घेऊन जाईन.

फक्त आण्णांना विचारून कळव, ह्या वेळी 'भु' ऱ्हस्व काढू की गिऱ्हाइकं दुकान ओळखायची नाहीत?

तुझाच,
पेंटर