वर्किंग हॉलिडेवर आलेल्या मुलांच्या पगारातली कपात : वाणिज्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. पीयूष गोयल साहेब,
केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री

सप्रेम नमस्कार.

मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियातल्या फळबागांच्या पट्ट्यात पगारपत्रकं करते. २ एप्रिल २०२२ रोजी आपण ऑस्ट्रेलियाबरोबरच्या व्यापार करारावर सही केलीत. त्यामुळे १८ ते ३० वयाच्या एक हजार भारतीय मुलामुलींसाठी दर वर्षी इथला 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा, म्हणजे फिरता फिरता काम करायची परवानगी, खुला झाला. सप्टेंबर २०२४ पासून ही योजना प्रत्यक्षात आली आणि पगाराच्या यादीत आपल्याकडची आडनावं दिसू लागली. ती टाइप करताना अजूनही बरं वाटतं. म्हणूनच हे पत्र.

गेल्या जुलैत कोल्हापूरकडचा एक मुलगा रिटर्न भरायला मदत हवी म्हणून माझ्याकडे आला. पेअर (नासपती) पॅकिंगच्या शेडमध्ये आठवड्याला दोन-तीन पाळ्या, हातात साधारण ४०० डॉलर, असे चाळीस आठवडे. नोकरीच्या पहिल्या दिवशी भरायच्या फॉर्मवर तीन चौकटी असतात : रेसिडेंट, फॉरेन रेसिडेंट आणि वर्किंग हॉलिडे मेकर, म्हणजे या व्हिसावर आलेले. "मी इथेच राहतो ना ताई, म्हणून रेसिडेंटवर खूण केली," असं तो म्हणाला. पुढे करमुक्त मर्यादेच्या प्रश्नालाही त्याने 'हो' म्हटलं होतं. मालकाच्या सॉफ्टवेअरने १८,२०० डॉलरची ती मर्यादा धरली आणि वर्षभर जवळपास काहीच कापलं नाही. त्याच्या व्हिसाला मात्र ही मर्यादा नाही, पहिल्या डॉलरपासून १५ टक्के. १६,००० वर २,४०० डॉलर. ते पैसे त्याने केव्हाच बहिणीच्या फीसाठी घरी पाठवले होते. माझ्या टेबलावरचं कॅल्क्युलेटर त्याने स्वतःकडे ओढून तोच गुणाकार तीनदा करून पाहिला.

उलटंही होतं. १५ टक्क्यांचा दर लावायचा तर मालकाने इथल्या कर खात्याकडे वर्किंग हॉलिडेवाल्यांचा मालक म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. ती नसेल तर फॉरेन रेसिडेंटचा दर, म्हणजे ३० टक्के. मुलाने टॅक्स फाइल नंबर, म्हणजे आपल्या पॅनसारखा कर खात्याचा नंबर, दिला नसेल तर ४५. आठवड्याला १,००० डॉलर कमावणाऱ्या तिघांचे त्यामुळे १५०, ३०० आणि ४५० डॉलर कापले जातात. काम एकच, व्हिसा एकच. जास्तीचे कापलेले पैसे रिटर्न भरल्यावर परत मिळतात हे खरं, पण भाडं दर आठवड्याला द्यायचं असतं.

तिसरी अडचण अशी की चांगला, नियमाने चालणारा मालकही ती टाळू शकत नाही. १५ टक्क्यांचा दर वर्षाला ४५,००० डॉलरपर्यंतच आहे, त्यापुढे ३० टक्के. प्रत्येक मालक मात्र फक्त स्वतः दिलेला पगार मोजतो. व्हिसाच्या अटीनुसार एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही, म्हणजे नोकरी बदलणं आलंच आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. दोन मालकांकडे ३०-३० हजार कमावणाऱ्या मुलीचे दोघांनी मिळून ९,००० कापले, तर तिचा खरा कर ११,२५० होतो. २,२५० डॉलरचा फरक तिने भरायचा. दोन्ही मालकांचा हिशोब बरोबर, आणि तिचाही काही दोष नाही.

आणि सुपर, म्हणजे आपल्या पीएफसारखी रक्कम. मालक पगारावर १२ टक्के भरतो. हे मूल देश सोडून जाताना ते पैसे मागतं तेव्हा त्यावर ६५ टक्के कर लागतो. १२० डॉलरमधले ४२ हातात येतात. इतर तात्पुरत्या व्हिसावाल्यांना हाच कर सर्वसाधारणपणे ३५ टक्के आहे. हा फरक मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

साहेब, याच कराराच्या वेळी आपल्या आयटी कंपन्यांच्या भारतातून दिलेल्या तांत्रिक सेवांवर इथे लागणाऱ्या कराचा प्रश्न आपण लावून धरलात आणि ऑस्ट्रेलियाने त्यासाठी कायदा बदलला. कंपन्यांसाठी जमलं ते या मुलांसाठीही मागून बघा. ऑस्ट्रेलियाबरोबरच्या पुढच्या, सर्वंकष व्यापार कराराच्या बोलण्यांत ६५ टक्क्यांचा विषय काढा. ३ नोव्हेंबर २०२१ रोजी इथल्या हायकोर्टाने, जे इथलं सर्वोच्च न्यायालय, वर्किंग हॉलिडेवर आलेल्या एका ब्रिटिश तरुणीच्या बाजूने निकाल दिला. ती करापुरती इथली रेसिडेंट होती, आणि ब्रिटन-ऑस्ट्रेलिया कर-करारात भेदभाव न करण्याचं कलम असल्याने तिच्या पगारावर पहिल्या डॉलरपासूनचा हा वेगळा दर लावता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. भारताबरोबरच्या कर-करारातही २०११ च्या प्रोटोकॉलने असं कलम आलं आहे. आपल्या मुलांना त्याचा लाभ कधी आणि कसा मिळतो, हे दोन्ही सरकारांनी सोप्या भाषेत लेखी द्यावं.

तोवर निदान एक पान तरी काढा, मराठीत आणि इतर भारतीय भाषांत, व्हिसाबरोबर हातात पडेल असं. कुठल्या चौकटीवर खूण करायची, मालकाला नोंदणीबद्दल काय विचारायचं, नोकरी बदलली की किती बाजूला ठेवायचं, एवढंच त्यावर असू दे. मजकूर मी लिहून देते. मोबदला नको.

आपली,
पगारपत्रकं करणारी एक मराठी बाई
व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया