हनुवटीच्या ऑपरेशनाआधी, आई-बाबांना

पुणे, रविवार

ती. आई आणि ती. बाबांना सा. न.

परवा फोनवर आई "हनुवटीत रबर घालून घेणार म्हणे" असं म्हणून रडली आणि बाबांनी फोन ठेवून दिला. फोनवर आपलं तिघांचं धड बोलणं होतच नाही, म्हणून लिहितोय. परवानगीसाठी नाही. मिरजेतली तारीख दिवाळीनंतरची ठरली आहे. पण त्यानंतरचे दिवस मी सांगलीत तुमच्या डोळ्यांसमोर असणार, तेव्हा काय बघावं लागणार आहे ते आधी माहीत असलेलं बरं.

पहिलं रबराचं. तो घट्ट सिलिकॉनचा तुकडा असतो, त्यालाच इम्प्लान्ट म्हणतात, मधे जाड, दोन्ही टोकांना निमुळता. आत जेल-बिल काही नसतं, त्यामुळे फुटण्या-गळण्याची भानगड नाही. खालचा ओठ आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेतून किंवा हनुवटीच्या खालून छोटा छेद घेतात, हाडावर बेताचा खिसा करतात आणि तुकडा त्यात बसवतात. कधी कधी टायटॅनियमच्या बारीक स्क्रूने पक्का करतात. एवढंच काम असेल तर साधारण तासाभराचं. माझा छेद तोंडातून आहे, म्हणजे बाहेर व्रण नाही. पण तोंडात जंतू भरपूर, म्हणून तिथली स्वच्छता जास्त सांभाळावी लागते. किडलेल्या दाढेचं काम आधी उरकून घ्यायला सांगितलंय, ते त्याचसाठी.

दुसरा रस्ताही होता. हनुवटीचं स्वतःचं हाड कापून पुढे सरकवायचं आणि प्लेट लावायची. हनुवटी फारच आत असेल किंवा वाकडी असेल तर तोच बरा. खालचा सबंध जबडाच मागे असेल, दात नीट जुळत नसतील, तर इम्प्लान्ट म्हणजे नुसती वरवरची डागडुजी. तिथे जबड्याचंच ऑपरेशन लागतं. माझा बाजूने काढलेला एक्स-रे बघून डॉक्टरांनी सांगितलं की दात व्यवस्थित बसतात, फक्त टोकाचं हाड कमी आहे. बाबा, घोरण्याचं म्हणाल तर या तुकड्याने घोरणं थांबत नाही. तो हाडाच्या बाहेरच्या अंगाला बसतो, जीभ आहे तिथेच राहते.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी सगळ्यात वाईट दिसणार. सूज तेव्हाच सर्वांत जास्त असते. ओठ जाड, गाल फुगलेले, गळ्यापर्यंत निळं-पिवळं उतरलेलं, वर हनुवटीला पट्टी. आई, तेव्हा "काय करून घेतलंस रे" म्हणू नकोस. म्हणशीलच, पण स्वयंपाकघरात जाऊन म्हण. पंधरवड्यात बरीचशी सूज ओसरते, उरलेली काही महिने रेंगाळते. म्हणून महिनाभरात आरसा बघून निकाल लावायचा नाही, ना मी, ना तुम्ही.

खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहील, दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर होते तशी. ओठाची संवेदना आणणारी नस तिथूनच बाहेर येते, ती ताणली जाते. बहुतेकांना आठवड्यांत, काहींना महिन्यांत परत जाणवू लागतं. क्वचित थोडं बधिरपण कायमचं राहतं, हेही मला स्पष्ट सांगितलंय. तोवर चहा गार करूनच दे, भाजलेलं मला कळायचं नाही. हसणंही काही दिवस विचित्र दिसेल.

जेवायला पहिले दिवस पातळ आणि कोमट: आंबील, ताक, वरणाचं पाणी. मग गुरगुट्या भात. तारीख दिवाळीनंतरची घेतली त्यात चकलीचा मोठा वाटा आहे. भडंग डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद, डबा समोर ठेवायचा नाही. आणि हळद. सांगलीच्या घरात हे लिहिणं म्हणजे धाडसच, पण टाक्यांवर हळद लावायची नाही, लेप नाही, तूप नाही. दिलेल्या औषधाच्या गुळण्या आणि खाल्ल्यावर चूळ, बस्स. टाके आपोआप विरघळणारे आहेत. झोपायला दोन उशा लागतील, डोकं उंच ठेवायचंय.

काळजी कधी करायची तेही सांगतो. एकाच बाजूला अचानक सूज चढली, ताप आला, पू दिसला, किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर शेजारच्या काकूंना नाही, डॉक्टरांना फोन. जंतुसंसर्ग आटोक्यात आला नाही तर तुकडा काढावा लागतो. तो सरकूही शकतो, एका बाजूला झुकू शकतो, वर्षांनुवर्षांत खालचं हाड थोडं झिजूही शकतं. काही गडबड नसेल तर ठरावीक वर्षांनी बदलावा लागत नाही.

बाबा, तुम्ही म्हणालात ही सिनेमावाल्यांची थेरं. तुम्हाला इतिहासाची आवड, म्हणून एक आठवण देतो. कावसजी नावाचा बैलगाडीवाला इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. टिपूच्या माणसांनी पकडून त्याचं नाक कापलं. पुण्याकडच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवीन नाक करून दिलं, आणि 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते चित्रासकट छापून आलं. तेव्हा हे काम आपल्या मुलखाला परकं नाही. अर्थात त्याचं नाक कापलेलं होतं आणि माझं काहीच कापलेलं नाही, हा फरक मला कळतो. माझी गरज नाही, इच्छा आहे. स्थळांनी नकार दिला म्हणूनही नाही. कॉलेजपासून मी दाढी वाढवून हे झाकत आलोय, आणि आता झाकायचा कंटाळा आलाय. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

निव्वळ दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला आरोग्य विमा पैसे देत नाही. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरचं असतं तर गोष्ट वेगळी. म्हणून खर्च माझ्या साठवणीतून. तुमच्या ठेवीला हात लावायचा नाही आणि तो विषयही काढायचा नाही.

पुण्यात का नाही, असं विचारलंत. मिरजेचं मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वॉनलेस डॉक्टरांच्या काळापासून अर्धा कर्नाटक उपचाराला मिरजेत येतो आणि मी घर सोडून इथे खोलीत एकटा पडून राहू? शिवाय पावसाळ्यात नको होतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की तुमचं लक्ष ना माझ्यात, ना डॉक्टरांत.

भेटायला येणाऱ्यांना दहा दिवस थोपवा. काय झालं विचारलं तर हनुवटीचं ऑपरेशन म्हणून सरळ सांगा. दाढेचं वगैरे खोटं नको, मामी लगेच ओळखेल.

आणि बाबा, ऑपरेशनाच्या आदल्या दिवशी डॉक्टर पुन्हा एकदा सगळं समजावणार आहेत, तेव्हा तुम्ही बरोबर या. तुमचे प्रश्न कागदावर लिहून आणा, कितीही असले तरी. तुमची रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे म्हणून तुम्हाला त्यातलं विचारता येईल. ॲस्पिरिननेही रक्त पातळ होतं, म्हणून मला दुखण्यावर ती घ्यायची नाही असं सांगितलंय. संमतीपत्रावर सही माझी असेल, साक्षीदार म्हणून तुमची लागेल. पूर्ण वाचल्याशिवाय करू नका, चष्मा घेऊन या.

तुमचा,
पिंटू