रात्री वाचनालयातून परतणाऱ्यांसाठी

मैत्रिणींनो,

वसतिगृहामागच्या रस्त्यावरचे दिवे पुन्हा बंद आहेत. परवा तिथेच आपल्यातल्या एकीचा मोबाईल दुचाकीवरून आलेल्या दोघांनी हिसकावला. हाताला खरचटलंय, बाकी ती ठीक आहे. दिवे लागेपर्यंत विश्रामबागेतून हमरस्त्यानेच या. पाच मिनिटं जास्त लागतात, लागू देत. वाचनालयातून उशिरा निघणाऱ्यांनी इथे लिहा, फाटकाशी थांबून एकत्र येऊ. मिरजेहून रिक्षाने येत असाल तर रिक्षाचा नंबर टाका.

काही घडलं तर आधी ११२ लावा, मग आम्हाला.

तक्रारीचं मात्र नीट वाचा, कारण परवा तिला ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट आहे, आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती प्रत असली की सीईआयआर या चोरीचे-हरवलेले फोन बंद करण्याच्या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करता येतो. त्यासाठी आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. *#०६# दाबून आजच वहीत लिहून ठेवा.

कोणी सारखं मागे येत असेल, नको म्हटलं तरी मेसेज करत असेल, तर तोही गुन्हाच आहे (न्याय संहिता, कलम ७८). ‘घरी कळलं तर शिक्षण बंद होईल’ या भीतीने गप्प बसू नका. आधी माझ्या खोलीवर या, कितीही वाजलेले असोत.

दिव्यांच्या अर्जावर सही राहिलेल्यांनी उद्या मेसमध्ये करावी.